बाटलीतली लाल गोळी आणि बाबांचा स्टेंट

प्रश्न : आम्ही हाँगकाँगमध्ये, कौलूनला राहतो. बाबा (वय 74) साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आले आहेत. मागच्या आठवड्यात मासळीबाजारातल्या ओल्या फरशीवर ते घसरून पडले. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, पण मुका मार जबर आहे. मांडी आणि नडगी काळीनिळी पडली आहे. त्यांना गेल्या दिवाळीत स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजींनी दुसऱ्याच दिवशी एक छोटी काचेची बाटली आणून दिली : युन्नान बाययाओ. आत पिवळसर पावडर आणि वर कापसात एक लाल गोळी. पावडर पाण्यातून घ्यायची आणि लाल गोळी दारूतून, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. 'दारूतून' कळल्यापासून बाबांना भलताच हुरूप आलाय. म्हणतात, झाडपाल्याचं औषध, त्याने काय अपाय होणार? शिवाय गावी न्यायला त्यांना सहा बाटल्या हव्या आहेत. आजी रोज लिफ्टपाशी विचारतात. देऊ का बाबांना? नाही दिली तर आजींना काय सांगू? आणि माझा नवरा रविवारी क्रिकेट खेळतो, त्याला कधी लागलं तर चालेल का ही बाटली?

— एक वाचक, कौलून

उत्तर :

ताई,

बाबांना ही बाटली पोटात द्यायची नाही. पावडर नाही आणि लाल गोळी तर मुळीच नाही, मग ती दारूतून असो की दुधातून.

कारणं पुढे सांगते. पण त्याआधी मलाच तुम्हाला एक विचारायचं आहे, कारण ते तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही. पडताना बाबांचं डोकं आपटलं होतं का? फरशीवर, गाळ्याच्या कडेवर, कुठेही? पाय दुखत असला की माणूस पायाबद्दलच बोलतो आणि डोक्याला बसलेली टपली विसरून जातो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसाच्या कवटीत रक्त हळूहळू साचू शकतं. कधी ते काही तासांत कळतं, कधी दोन-तीन आठवड्यांनी. डोकं आपटलं असेल आणि सीटी स्कॅन झाला नसेल, तर आज त्यांना काही होत नसलं तरी डॉक्टरांना जाऊन सांगा. आणि डोकेदुखी वाढत चालली, उलट्या झाल्या, अवेळी पेंग येऊ लागली, शब्द सापडेनात, चालताना तोल जाऊ लागला, किंवा एका बाजूचा हात-पाय जड झाला, तर वाट बघत बसू नका. 999 फिरवा.

दुसरं, त्या दोन गोळ्या. काळंनिळं अंग बघून घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं की रक्त पातळ करणारी गोळी चार दिवस बंद ठेवू या. साताऱ्याहून फोनवरही हा सल्ला येईल. ऐकू नका. स्टेंटला वर्षही झालेलं नसताना गोळ्या परस्पर बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ती जिवावर बेतते. गोळ्यांत काही फेरफार करायचा असेल तर तो हृदयरोगतज्ज्ञ करतील.

आता बाटलीकडे वळू. तिच्याबद्दल मी जरा ऐसपैस लिहिणार आहे, कारण आजींनी आणून दिलेली वस्तू साधीसुधी नाही. ती भोंदूगिरी असती तर मी तुम्हाला म्हटलं असतं, बाबांच्या समाधानासाठी द्या चिमूटभर. ती खरं औषध आहे, म्हणूनच नको म्हणतेय.

चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांत आहे. तिथल्या च्यांगछ्वान भागातल्या छ्यू ह्वानचांग नावाच्या वैद्यानं 1902 मध्ये हे चूर्ण तयार केलं. त्याला ते सुचलं कसं, याच्या गोष्टी अनेक. जखमी झालेला वाघ की साप एक वनस्पती हुंगत, चघळत होता आणि त्याचं रक्त थांबलं, ही त्यातली लाडकी. आपल्याकडे सापाशी लढून आलेलं मुंगूस मुंगूसवेल खातं म्हणतात, त्याच जातीची ही कथा. फार मनावर घेऊ नये. पुढचं मात्र इतिहासातलं आहे. 1938 च्या वसंतात जपानी फौजांविरुद्ध पूर्व चीनमधल्या थाय-अर-च्वांगच्या परिसरात लढाई पेटली, तेव्हा युन्नानहून गेलेल्या साठाव्या सैन्यदलाच्या शिपायांजवळ ह्या बाटल्या होत्या. जखमेवर थोडी पावडर टाकायची, थोडी पोटात घ्यायची आणि पुन्हा उभं राहायचं, अशी त्यांची ख्याती झाली. छ्यूंनी सैन्याला हजारो बाटल्या फुकट दिल्या होत्या असं सांगतात. त्याच वर्षी छोंगछिंग शहरात ते वारले. औषधाची कृती सांगावी म्हणून त्यांच्यावर दबाव होता, अखेरचे दिवस नजरकैदेसारखे गेले, पण कृती त्यांनी दिली नाही, असंही चीनमध्ये सगळीकडे सांगितलं जातं.

ती कृती त्यांच्या पत्नी मियाओ लानयिंग यांनी 1955 मध्ये नव्या सरकारच्या हवाली केली. दुसऱ्याच वर्षी तिला सरकारी गुपिताचा दर्जा मिळाला आणि औषध कुनमिंगच्या कारखान्यात बनू लागलं. आजच्या कंपनीचे शेअर 1993 पासून शेनचेनच्या बाजारात आहेत. कॅप्सूल, फवारे, चिकटपट्ट्या, टूथपेस्ट, काय हवं ते ती विकते. तुमच्या आजींच्या पिढीच्या घरात ही बाटली असणं म्हणजे आपल्याकडे कपाटात अमृतांजनची बाटली असण्यासारखं आहे. पडलं-झडलं, कापलं, की आधी ती निघते. अमेरिकेत तर पशुवैद्य हे औषध कुत्र्यांना देतात! प्लीहेतल्या एका गाठीतून कुत्र्यांना अंतर्गत रक्तस्राव होतो, त्यावर. कुत्र्यांवरच्या अभ्यासांतून मात्र त्याचा ठाम फायदा अजून दिसलेला नाही.

बाटलीत आहे काय? पूर्ण यादी चीनमध्ये आजही गुपित आहे. अमेरिकेत विकायच्या पाकिटांवर मात्र घटक छापावे लागले आणि 'परक्यांना सांगता, मग आम्हाला का नाही' यावरून चीनमध्ये बरीच वादावादी झाली. मुख्य घटक सान-छी हा कंद, याबद्दल जाणकारांत दुमत नाही. जिनसेंगचाच हा भाऊबंद, युन्नानमधल्या वेनशान परिसरात त्याची शेती होते. सोळाव्या शतकातला थोर वनौषधीकार ली शिचेन यानं सोनं दिलं तरी बदल्यात देऊ नये इतका त्याला मोलाचा म्हटलंय, आणि सैन्यात जखमांवर हा कंद वापरला जात असल्याचीही नोंद केली आहे.

या कंदाची गंमत अशी की तो दोन उलट कामं करतो. त्यात डेन्सिचिन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ते रक्त थांबवायला मदत करतं. (विदर्भातल्या वाचकांसाठी सांगते, रसायन म्हणून हे तेच, जे लाखोळीच्या डाळीत असतं आणि महिनोन्‌महिने तीच डाळ खाल्ली तर पाय लुळे पाडतं. औषधाच्या मात्रेत ते इतकं नसतं, घाबरू नका. पण 'झाडपाल्याचं' म्हणजे काय काय असू शकतं, ते बाबांना यावरून कळेल.) आणि त्याच कंदातली सॅपोनिन नावाची द्रव्यं प्रयोगशाळेत रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणजे गुठळी होऊ देत नाहीत. ती द्रव्यं वेगळी काढून चीनमध्ये पक्षाघात आणि हृदयविकाराच्या रुग्णांना दिली जातात. चिनी वैद्यकाला यात काही विसंगती वाटत नाही. वाहतं रक्त थांबवायचं आणि साकळलेलं रक्त हलवायचं, ही त्यांच्या लेखी सान-छीची एकच करामत. धडधाकट माणसाच्या मुक्या मारावर ती चालतही असेल.

बाबांचं तसं नाही. स्टेंट उघडा राहावा म्हणून दोन गोळ्या त्यांच्या बिंबिकांवर मोजून-मापून काम करताहेत. त्यात हे दुधारी औषध घातलं तर पारडं कुठे झुकेल? रक्तस्रावाकडे झुकलं तर मांडीतली गाठ वाढेल किंवा पोटात रक्त जाईल. गुठळीकडे झुकलं तर स्टेंटच धोक्यात. हृदयरोगतज्ज्ञ अशा वेळी सरळ म्हणतील, नको. मीही तेच म्हणते.

पण खरी भीती मला सान-छीची नाहीच.

फेब्रुवारी 2013 मध्ये तुमच्याच हाँगकाँगच्या आरोग्य विभागानं युन्नान बाययाओची काही उत्पादनं बाजारातून परत मागवली. तपासणीत त्यांत बचनाग या विषारी वनस्पतीच्या वर्गातली अल्कलॉइड, म्हणजे जहाल द्रव्यं, सापडली होती आणि लेबलवर त्यांचा उल्लेख नव्हता. एकच खळबळ उडाली. पुढच्या वर्षी कंपनीनं चीनमधल्या माहितीपत्रकात छापलं की औषधात छाओ-ऊ आहे, पण प्रक्रिया केलेला, विषारीपणा कमी केलेला. छाओ-ऊ म्हणजे बचनागाच्याच प्रजातीतली वनस्पती. कच्चा छाओ-ऊ हाँगकाँगच्या 1999 च्या चिनी वैद्यक कायद्यात विषारी म्हणून नोंदलेल्या 31 वनौषधींपैकी एक आहे.

बाबांना 'बचनाग' एवढं म्हटलंत तरी पुरे होईल. साताऱ्याकडच्या माणसाला ते मुळी काय आहे ते सांगावं लागत नाही. आपल्या वैद्यांनीही बचनाग टाकून दिलेला नाही. गोमूत्रात किंवा दुधात त्याचं शोधन करून वापरला. ज्वरावरची त्रिभुवनकीर्ती कित्येक घरांत असते, तिच्यात तो आहे. म्हणूनच भारतात औषध नियमांच्या 'ई-1' परिशिष्टात बचनागाचं नाव आहे आणि तो असलेल्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असं छापावं लागतं. चिनी वैद्य तेच काम भिजवून आणि तासन्‌तास उकळून करतात. उकळल्यानं बचनागातलं मुख्य विष, अ‍ॅकोनिटिन, फुटतं आणि त्याचा जहालपणा कितीतरी पटींनी उतरतो. प्रक्रिया नीट झाली तर औषध, अर्धवट राहिली तर विष. हाँगकाँगच्या रुग्णालयांना अशा विषबाधा नवीन नाहीत.

अ‍ॅकोनिटिन नसांच्या आणि हृदयाच्या पेशींवरची सोडियमची दारं उघडीच धरून ठेवतं. आधी ओठ-जीभ बधिर होते, बोटांना मुंग्या येतात, मग मळमळ, मग छातीत धडधड, आणि मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके भरकटतात. उतारा नाही. रुग्णालयात हृदय सांभाळत राहायचं, एवढंच हाती असतं. तरुण, निरोगी माणसाच्या पोटात बाटलीवर लिहिलेली मात्रा गेली तर बहुधा असं काही होत नाही. लाखो लोक घेतात. पण जे हृदय आधीच एकदा दगा देता देता राहिलं आहे, त्याच्यावर हा प्रयोग का करायचा? तोही काळ्यानिळ्या मांडीसाठी, जी आपोआप बरी होणार आहे?

आणि लाल गोळी. तिचं नावच मुळी विम्याची गोळी अशा अर्थाचं आहे, म्हणजे संकटासाठी राखलेली. बंदुकीची गोळी लागली, उंचावरून पडला, असा भारी मार असेल तर सुरुवातीला एकदाच ती दारूबरोबर घ्यायची, आणि किरकोळ दुखापतीत घ्यायचीच नाही, असं त्या औषधाचं माहितीपत्रकच सांगतं. म्हणजे आजींच्या शास्त्रानुसारसुद्धा बाबांना ती लागू होत नाही. हे त्यांना जरूर ऐकवा. दारूचं निमित्त हातचं जाईल म्हणून थोडे रुसतील, रुसू द्या. स्टेंटच्या गोळ्या, पडल्यानंतरचे दिवस आणि दारू हे त्रिकूट तसंही जमणारं नाही.

आता कुणी विचारेल, अंगात रक्त वाहत असताना थांबवणारं खात्रीचं औषध आहे तरी का? आहे. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. 1962 मध्ये जपानच्या ओकामोतो दाम्पत्यानं, उताको आणि शोसुके यांनी, ते शोधलं. 2010 मध्ये 'क्रॅश-2' या चाचणीचे निकाल आले. 40 देशांतले 20,211 जखमी, त्यांत भारतातलेही बरेच. ज्यांना हे औषध शिरेतून दिलं त्यांच्यातले 14.5 टक्के दगावले, ज्यांना दिलं नाही त्यांच्यातले 16 टक्के. फरक दिसायला लहान, पण अपघातांची संख्या लक्षात घ्या. फायदा दिसला तो मार बसल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर. नंतर दिलं तर उलट नुकसानच. म्हणजे हेही घरी घ्यायचं औषध नव्हे, बाबांना आता तर त्याची गरजही नाही. सांगायचं कारण एवढंच की खात्री म्हणतात ती अशी मिळवावी लागते. बाययाओवर चाचण्या झाल्या आहेत, जबड्याच्या शस्त्रक्रियेत रक्त कमी गेल्याचंही एका लहान अभ्यासात दिसलं, पण ही पारख बहुतेक थोड्या-थोड्या रुग्णांवरची आहे. 2018 मध्ये तर मजाच झाली. बाययाओची टूथपेस्ट हिरड्यांतलं रक्त थांबवते म्हणून चीनमध्ये धो धो खपत होती. कुणीतरी मागची घटकांची यादी नीट वाचली, तर त्यात ट्रॅनेक्झॅमिक आम्ल! टूथपेस्टमध्ये ते चालतं, कंपनीनं काही लपवलंही नव्हतं. पण रक्त नेमकं कोण थांबवतंय, गुपित चूर्ण की जपानी रसायन, यावर चिनी लोकांनी आपल्याच कंपनीची भरपूर टिंगल केली.

मांडीचं काय करायचं, ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, असं करायचं असतं. तुमचा आठवडा उलटून गेलाय, तेव्हा सूज उतरत असेल तर आता हलका कोमट शेक चालेल. पाय उशीवर उंच ठेवा. दिवसभर झोपवून मात्र ठेवू नका, घरातल्या घरात चालू द्या, नाहीतर पोटरीत गुठळी व्हायची. मालीश अजिबात नको. तेल जिरवून रगडलं की मुका मार मोकळा होतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. साकळलेल्या रक्तावर जोर दिला की आतल्या आत पुन्हा रक्त सुटतं. काळानिळा डाग हिरवट-पिवळा होत खाली घोट्यापर्यंत उतरला तर दचकू नका, रक्त वजनानं खाली ओघळतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे प्रकार त्या दोन गोळ्यांबरोबर नकोत, पोटात रक्तस्राव होतो. बॅगेत आंबेहळद-रक्तचंदन आणलं असेल आणि कातडी कुठे फुटलेली नसेल, तर उगाळून लावायला माझी हरकत नाही. गुण किती येईल ते सोडा, बाबांना काहीतरी लावल्याचं समाधान मिळेल.

मांडी दगडासारखी टणक होत चालली, घेर वाढला, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, एकच पोटरी सुजून दुखू लागली, शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा लघवीत लाल दिसलं, तर त्याच दिवशी ए अँड ईला, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, न्या.

बाययाओ वरून लावली तर? चिकटपट्टी किंवा फवारा, शाबूत कातडीवर, थोड्याच जागी, यात धोका बराच कमी आहे. तरी बचनागाची अल्कलॉइड कातडीतूनही आत जातात आणि कातडी फुटलेली असेल किंवा वरून शेक दिला तर जास्त जातात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नडगीवरची कातडी कागदासारखी असते. मी बाबांसाठी तेही टाळीन.

आजींचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, ते तुमच्या पत्रातून कळतंच. मला तो प्रश्न अवघड वाटत नाही. बाटली परत करू नका. आणलेलं परत करणं त्यांच्याकडेही अपमानाचं, आपल्याकडेही. दोन्ही हातांनी घेतलीत ना? मग ठेवून घ्या आणि खरं तेच सांगा. छातीवर हात ठेवून दाखवा : हृदयाची औषधं चालू आहेत, डॉक्टरांनी दुसरं काही घ्यायला मना केलंय. एखाद्या कँटोनीज बोलणाऱ्या ओळखीच्यांकडून दोन वाक्यं लिहून घ्या, काम सोपं होईल. एका औषधाचं दुसऱ्याशी पटत नाही, हे चिनी आजीला समजावावं लागणार नाही, त्यांचं सगळं वैद्यकच पथ्यावर उभं आहे. याच बाटलीच्या पत्रकात लिहिलंय की औषध घेतल्यावर दिवसभर घेवड्यासारख्या एका शेंगेच्या बिया, मासे, आंबट आणि थंड खायचं नाही. आपल्या आज्यांनी लिहिलंय असंच वाटतं! 'पथ्य आहे' म्हणालात की त्या मान डोलावतील. आणि आपल्या रीतीप्रमाणे, त्यांनी हात रिकामा आणला नाही, तर तुम्हीही काहीतरी घेऊन जा. वयस्कर दातांना झेपेल असं बघा; चकली नको, रव्याचा लाडू बरा.

बाबांना मनापासून चिनी वैद्याला दाखवायचंच असेल तर त्यालाही बंदी नाही. हाँगकाँगमध्ये नोंदणीकृत चिनी वैद्य असतात, त्यांच्याकडे न्या, दुकानात जाऊन बाटली घेऊ नका. जाताना चालू गोळ्यांची यादी बरोबर ठेवा आणि वैद्यांनी जे लिहून दिलं त्याचा फोटो घ्यायच्या आधी हृदयरोगतज्ज्ञांना पाठवा.

सहा बाटल्यांचं मात्र ठामपणे नाही म्हणा. मला तो बेत डोळ्यांसमोर दिसतो. पारावर बाबा बाटली दाखवणार, चिनी सैन्याची गोष्ट सांगणार (आता ती माझ्या पत्रातून त्यांना कळली, हा माझाच अपराध), आणि ज्याला त्याला चिमूट चिमूट वाटणार. त्यात एखाद्याला रक्तदाब असेल, एखादा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असेल, कुणी आपल्या गरोदर सुनेसाठी पुडी बांधून नेईल. गरोदरपणात हे औषध साफ मना आहे, पत्रकातच तसं छापलेलं असतं. पण पत्रक चिनीत, साताऱ्यात वाचणार कोण? मित्रांना न्यायचंच असेल तर चहा न्यावा. युन्नानचा फूअर चहा नावाजलेला आहे आणि वाटायला काही हरकत नाही.

नवऱ्याचं थोडक्यात. तो धडधाकट असेल, दुसरं कुठलंही औषध चालू नसेल, तर मुरगळलेल्या घोट्यावर शाबूत कातडीवर फवारा मारायला हरकत नाही. पोटात घ्यायचा विचार असेल तर मात्रा प्रौढाला एका वेळी पाव ग्रॅम, फार तर अर्धा ग्रॅम, दिवसातून चार वेळा, त्यापुढे नाही. चार ग्रॅमची अख्खी बाटली एका दिवसात संपवणारे महाभाग असतात. ओठ बधिर वाटले की तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. खरं सांगू, क्रिकेटच्या मुरगळीला बर्फ आणि क्रेप बँडेज पुरतं, मी असते तर पोटात काही घेतलंच नसतं. लाल गोळी काढून वेगळी करा आणि आजच्या आज लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टाकून द्या. ती लाल, गोल आणि गोळीपेपरमिंटसारखी दिसते, घरात पोर असेल तर ते आधी तिच्याकडेच जाईल.